व्हेक्टर क्वांटायझेशन आणि ऑडिओ कोडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) शिकणारी मुलं, फायनल इयरचा प्रोजेक्ट करणारे, ओपस या ऑडिओ कोडेकचा (आवाज कमी बिटात बसवणारा आणि परत उलगडणारा प्रोग्रॅम) सोर्स कोड उघडून बसलेले लोक, सगळ्यांकडून फिरून फिरून हेच प्रश्न येतात म्हणून एका जागी लिहून काढलेत. सोप्यापासून सुरुवात आहे, पुढे पुढे किचकट होत जातं. कुठला मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. क्वांटायझेशन माहितीये, पण त्यात 'व्हेक्टर' कशाला आणला?

साध्या म्हणजे स्केलर क्वांटायझेशनमध्ये एक आकडा घ्यायचा, जवळच्या ठरलेल्या पायरीवर बसवायचा आणि त्या पायरीचा नंबर पाठवायचा. व्हेक्टरवाल्यात आकडे एकेकटे न घेता गठ्ठ्याने घेतात, समजा दहा आकडे एकत्र, आणि एका मोठ्या यादीतून त्या दहाच्या दहा आकड्यांना सगळ्यात जवळची ओळ शोधतात. या यादीला कोडबुक म्हणतात. ती पाठवणाऱ्याकडे पण असते आणि घेणाऱ्याकडे पण, त्यामुळे जातो फक्त ओळीचा नंबर. यादीत १०२४ ओळी असतील तर नंबराला १० बिट, मग त्या ओळीत दहा आकडे असोत नाहीतर चाळीस.

२. पण एकेक आकडा वेगळा गोल केला तर नुकसान काय? हिशोब तर सोपा होतो.

नुकसान तीन ठिकाणी होतं. पहिलं म्हणजे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात. रेडीमेड शर्टाच्या दुकानदाराला विचारा, छातीची सात मापं आणि बाहीची सात मापं म्हणून तो ४९ प्रकारचे शर्ट भरून ठेवत नाही कारण रुंद छाती आणि आखूड बाही असं गिऱ्हाईक क्वचित येतं, तो दोन्ही मिळून सात-आठ साइझ ठेवतो. स्केलर मात्र कधीच न येणाऱ्या जोड्यांसाठी पण बिट राखून ठेवतो.

दुसरं, आकडे स्वतंत्र असले तरी त्यांचं वाटप सपाट नसतं, शून्याजवळ गर्दी आणि लांब तुरळक. व्हेक्टरमध्ये ओळी गर्दीच्या जागी ठेवता येतात.

तिसरं निव्वळ भूमितीचं आहे. स्केलरने जागेचे चौकोनी डबे पडतात आणि डब्याचा कोपरा मध्यापासून लांब राहतो. दोन मितीत (म्हणजे दोन-दोन आकड्यांच्या गठ्ठ्यात) षटकोन वापरला तर चुकीत ०.१७ डेसिबल सुधारणा होते, आठ मितीत ई-८ नावाच्या जाळीने ०.६५, २४ मितीत लीच जाळीने १.०३, आणि मिती कितीही वाढवल्या तरी कमाल १.५३ डेसिबल, म्हणजे आकड्यामागे साधारण पाव बिट. हा पाव बिट लक्षात ठेवा, प्रश्न १५ मध्ये लागणारे.

शिवाय एका आकड्याला एक बिटापेक्षा कमी द्यायचा असेल तर नुसत्या स्केलरला ते जमतच नाही, त्याला वर वेगळं एन्ट्रॉपी कोडिंग (वारंवार येणाऱ्या आकड्यांना छोटे कोड देणं) लावावं लागतं.

३. कोडबुक बनवतं कोण? हाताने भरतात का?

जुनी आणि अजूनही शिकवली जाणारी पद्धत म्हणजे एलबीजी, लिंडे, बुझो आणि ग्रे या तिघांची, १९८० ची. भरपूर खरा डेटा घ्यायचा, एका सरासरी व्हेक्टरपासून सुरू करायचं, त्याचे थोडेसे हलवून दोन करायचे, प्रत्येक नमुना जवळच्याला वाटायचा, प्रत्येक गटाची सरासरी नवी ओळ म्हणून घ्यायची, स्थिर झालं की परत प्रत्येकाचे दोन. के-मीन्स केलं असेल तर ओळखीचंच वाटेल.

दोन गोष्टी सांभाळा. ही पद्धत जवळच्या खड्ड्यात अडकते, सगळ्यात चांगलं कोडबुक मिळेलच याची खात्री नाही. आणि काही ओळींच्या वाट्याला एकही नमुना येत नाही, अशी मेलेली ओळ दिसली की सगळ्यात गर्दीच्या गटाचे दोन तुकडे करून त्यातला एक तिला द्यायचा.

४. मग कोडबुक मोठं करत गेलं की क्वालिटी वाढत जाणार, यात अडचण काय आहे?

अडचण हीच आहे, माझ्या मते या विषयातली खरी अडचण ही एकच आहे आणि पुढचे सगळे जुगाड तिच्याच भोवती फिरतात. एक बिट वाढवला की यादी दुप्पट होते. टेलिफोनच्या आवाजात दर २० मिलिसेकंदाच्या फ्रेमला दहा आकड्यांचा एक व्हेक्टर असतो (घसा आणि तोंडाच्या पोकळीचा आकार सांगणारा), तो कानाला फरक कळणार नाही इतका नीट पाठवायला साधारण २४ बिट लागतात. २४ बिट म्हणजे १,६७,७७,२१६ ओळी, प्रत्येकीत दहा आकडे, आकड्याला दोन बाइट धरले तरी तेहतीस कोटी बाइटच्या वर मेमरी. आणि शोधायला दर फ्रेमला पावणेसतरा कोटी गुणाकार, सेकंदाला ५० फ्रेम, म्हणजे आठशे कोटींच्या पुढे. बरं एवढी यादी ट्रेन करायला तिच्या कित्येक पट नमुने हवेत ते वेगळंच. त्यामुळे 'चांगलं कोडबुक कसं बनवू' याच्या आधी 'साठवावं न लागणारं आणि चाळावं न लागणारं कोडबुक कसं बनवू' हा प्रश्न विचारा.

५. स्प्लिट व्हीक्यू (व्हीक्यू म्हणजे व्हेक्टर क्वांटायझेशन) म्हणजे काय? सगळे पालीवाल आणि अटल यांचंच नाव का घेतात?

कारण वरच्या अडचणीवर त्यांनी फार साधा तोडगा काढला आणि तो टिकला. कुलदीप पालीवाल, जे आधी मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होते, आणि बेल लॅब्जचे बिष्णू अटल, यांचा १९९३ चा पेपर. दहा आकड्यांचा व्हेक्टर चार आणि सहा असा तोडायचा, दोन्हीला १२-१२ बिट. म्हणजे ४०९६ ओळींची दोन कोडबुकं, एकूण साठवायचे आकडे ४०,९६०. कुठे पावणेसतरा कोटी आणि कुठे एकेचाळीस हजार! तोडल्यामुळे दोन तुकड्यांमधलं नातं हातचं जातं, पण तोटा इतका कमी की २४ बिटात काम भागलं, स्केलरला त्याच क्वालिटीसाठी ३२ च्या वर लागायचे.

हे चालायची दोन कारणं आहेत आणि प्रोजेक्टमध्ये लोक नेमकं तेच विसरतात. एक, त्यांनी एलपीसीचे (मागच्या आकड्यांवरून आवाजाचा पुढचा आकडा ओळखणाऱ्या फिल्टरचे) कोएफिशंट सरळ न घेता लाइन स्पेक्ट्रल फ्रिक्वेन्सी (तोच फिल्टर फ्रिक्वेन्सीच्या रूपात) घेतल्या, ज्या चढत्या क्रमात असतात आणि एकीला धक्का लागला तर स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती जोर ते) तेवढ्याच भागात हलतो, म्हणून तोडणं परवडतं. दोन, अंतर मोजताना सगळ्यांना सारखं वजन नाही, स्पेक्ट्रमच्या शिखराजवळच्यांना जास्त.

६. 'ट्रान्सपरंट' क्वालिटी (मूळ आवाजापेक्षा फरक कानाला न कळणारी) म्हणतात ती मोजायची कशी?

स्पीचच्या स्पेक्ट्रमसाठी त्याच पेपरमधली कसोटी चालते. सरासरी स्पेक्ट्रल डिस्टॉर्शन (मूळ आणि नव्या स्पेक्ट्रममधला फरक) साधारण १ डेसिबल, २ ते ४ डेसिबलमध्ये जाणाऱ्या फ्रेम २ टक्क्यांपेक्षा कमी, आणि ४ च्या वर एकही नाही. नुसती सरासरी छापून मोकळे होऊ नका, कानाला खुपतात त्या बाहेर पडलेल्या फ्रेम. संगीताला ही कसोटी लागू नाही, त्याचं प्रश्न १६ मध्ये.

७. ट्रेनिंग न करता कोडबुक बनू शकतं का?

हो, आणि त्याची सुरुवात गमतीशीर आहे. १९८५ मध्ये श्रोडर आणि अटल यांनी सेल्प (कोडबुकातली ओळ फिल्टरमधून काढून बोलणं तयार करायची पद्धत) मांडलं तेव्हा त्यांचं कोडबुक म्हणजे रँडम गॉसियन आकडे होते, ४० सॅम्पलच्या (लहरीच्या एकेक मापाच्या) १०२४ ओळी, म्हणजे सॅम्पलला पाव बिट! आवाज सुंदर आला पण एका सेकंदाच्या बोलण्याला क्रे-१ सुपरकॉम्प्युटरचे १२५ सेकंद लागले कारण प्रत्येक ओळ फिल्टरमधून काढून बघायची होती. नंतर लोकांनी रँडम आकडे टाकून दिले आणि ओळीत बहुतेक शून्य, फक्त मोजक्या जागी अधिक एक किंवा उणे एक असे पल्स ठेवले. १९९६ च्या जी.७२९ या स्पीच कोडेकमध्ये ४० सॅम्पलमध्ये ४ पल्स आहेत, जागांना १३ बिट आणि चिन्हांना ४, एकूण १७. साठवायचं काहीच नाही, जागा मोजल्या की ओळ तयार, आणि शून्यांना गुणायचं नसल्यामुळे शोध पण झटपट.

८. व्हॉट्सॅपची व्हॉइस नोट डॉट ओपस असते, तिच्यात यातलं काय आहे?

ट्रेन केलेलं कोडबुक आणि ट्रेनिंगशिवायचं, दोन्ही आहे. ओपस हे सप्टेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ (इंटरनेट स्टँडर्डचा दस्तऐवज) म्हणून आलेलं स्टँडर्ड, त्यात स्काइपकडून आलेला सिल्क आणि झिफ या ओपन सोर्स संस्थेकडून आलेला सेल्ट असे दोन कोडेक एकत्र बसवलेत. कमी बिटरेटच्या बोलण्याला सिल्क, संगीताला सेल्ट, मधल्या पट्ट्यात दोन्ही मिळून. सिल्कमध्ये लाइन स्पेक्ट्रल फ्रिक्वेन्सीसाठी आधी ३२ ओळींचं छोटं ट्रेन केलेलं कोडबुक, मग उरलेली चूक स्केलर पद्धतीने. सेल्टमध्ये मात्र एकदम वेगळा प्रकार, पिरॅमिड व्हेक्टर क्वांटायझेशन, त्याला पीव्हीक्यू म्हणतात, पुढचे बरेच प्रश्न त्याचेच.

९. पीव्हीक्यू सोप्या भाषेत सांगा ना, आरएफसी वाचून डोकं फिरलं.

मूळ कल्पना थॉमस फिशर यांची, १९८६ ची. दोनच आकडे ठरवायचे, व्हेक्टरची लांबी एन आणि पल्सची संख्या के. कोडबुक म्हणजे असे सगळे पूर्णांकी व्हेक्टर ज्यांच्यातल्या आकड्यांची चिन्ह सोडून बेरीज बरोबर के येते. एन ३ आणि के २ असेल तर (२, ०, ०) येतो, (१, −१, ०) येतो, (०, ०, −२) येतो, असे मोजले तर १८ भरतात. मग प्रत्येकाला त्याच्या लांबीने भागून एकक गोलावर बसवायचं, झालं कोडबुक.

किती ओळी आहेत ते काढायला एक छोटा नियम आहे: (एन, के) ची संख्या म्हणजे (एन−१, के), (एन, के−१) आणि (एन−१, के−१) या तिन्हींची बेरीज. याच नियमाने व्हेक्टरवरून नंबर आणि नंबरवरून व्हेक्टर काढता येतो, टेबल साठवायची गरज नाही. २० मिलिसेकंदाच्या फ्रेममध्ये सेल्टच्या सगळ्यात खालच्या बँडला (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याला) ८ कोएफिशंट असतात, तिथे एक पल्स म्हणजे १६ ओळी, दोन पल्स म्हणजे १२८, तीन म्हणजे ६८८. ६८८ ला खरं तर ९.४ बिट लागतात, पूर्ण १० नाही, आणि ओपसचा रेंज कोडर (एक प्रकारचं एन्ट्रॉपी कोडिंग) ते अपूर्णांकातले बिट वाया जाऊ देत नाही.

१०. एन्कोडर जवळची ओळ शोधतो कशी? सगळ्या तपासतो का?

नाही. एक उदाहरण हाताने करून बघा, आयुष्यभर विसरणार नाही. बँड समजा (०.९, −०.४, ०.२) आणि पल्स ३. चिन्ह सोडून बेरीज १.५, ती ३ व्हायला दुप्पट करा: १.८, −०.८, ०.४. खाली गोल केलं की (१, ०, ०), दोन पल्स उरले. आता एकेक पल्स टाकताना बघायचं की मूळ व्हेक्टरशी गुणाकाराचा (जागेवार गुणून केलेल्या बेरजेचा) वर्ग भागिले नव्या व्हेक्टरच्या लांबीचा वर्ग, हे कुठे जास्त येतं. पहिल्या जागी टाकला तर ०.८१, दुसऱ्या जागी उणे टाकला तर ०.८४५, तिसऱ्या जागी ०.६०५. म्हणून (१, −१, ०). शेवटच्या पल्सला पहिली जागा ०.९६८, बाकीच्या ०.५८ आणि ०.७५. उत्तर (२, −१, ०), आणि डिकोडर त्याला वर्गमूळ ५ ने भागणार. कोडबुकात ३८ ओळी होत्या, आपण पाहिल्या सहा. मोठ्या बँडला हा फरक प्रचंड होतो.

११. सगळं एकक गोलावर नेलं तर आवाजाचा जोर कुठे गेला?

तो आधीच वेगळा पाठवलेला असतो. सेल्ट स्पेक्ट्रमचे कानाच्या हिशोबाने २१ बँड करतो, प्रत्येक बँडची एनर्जी आधी ६ डेसिबलच्या मोठ्या पायऱ्यांनी, मग उरलेल्या बिटांनी बारीक करून पाठवतो, आणि पीव्हीक्यू फक्त आकार सांगतो. मला ही या कोडेकमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण बिट कितीही कमी पडले तरी बँडची एनर्जी जागेवर राहते, आवाज पोकळ होत नाही.

१२. बँडमध्ये एकच कोएफिशंट असेल तर?

तर आकार म्हणजे फक्त चिन्ह, एक बिट. २.५ मिलिसेकंदाच्या फ्रेमला खालच्या बँडांमध्ये असंच होतं. पीव्हीक्यूचा शोध तिथे चालवू नका, कोडमध्ये वेगळी वाट ठेवा.

१३. मोठ्या बँडला माझा पीव्हीक्यूच्या ओळीचा नंबर ३२ बिटात मावत नाही, ओव्हरफ्लो होतो.

ओपसमध्ये पण मावत नाही, म्हणून तिथे बँडचे दोन तुकडे करतात. दोन्ही अर्ध्यांमध्ये एनर्जी कशी वाटली गेली ते एका कोनाने सांगायचं, त्या कोनावरून बिट पण वाटायचे, आणि प्रत्येक अर्ध्याला वेगळा पीव्हीक्यू. अजूनही मावला नाही तर परत तोडायचं. प्रश्न ५ मधल्यासारखंच तोडणं आहे, पण इथे कोन पाठवल्यामुळे जोराचं नातं सुटत नाही. स्टीरिओचे दोन चॅनल जोडायला पण हीच कोनाची युक्ती वापरलीये. ६४ बिटाचा इंटिजर घेऊन ओव्हरफ्लो टाळता येतो पण मग तुमचा बिटस्ट्रीम ओपसशी जुळणार नाही.

१४. पल्स शून्य आले तर भोक पडेल ना? आणि कमी पल्समध्ये पाखरांसारखी चिवचिव का ऐकू येते?

शून्य पल्सला डिकोडर खालच्या बँडांचा आधीच उलगडलेला आकार उचलून वर ठेवतो आणि त्याला खरी एनर्जी देतो, याला फोल्डिंग म्हणतात. वरच्या पट्टीत कानाला नेमका आकार फारसा कळत नाही, जोर कळतो, म्हणून चालून जातं.

चिवचिव वेगळ्या कारणाने. ५० कोएफिशंटच्या बँडमध्ये दोन पल्स पडले तर दोन सूर उभे राहतात बाकी सगळं शून्य, आणि पुढच्या फ्रेमला ते सूर भलतीकडे. उपाय म्हणून सेल्ट क्वांटायझेशनच्या आधी व्हेक्टर फिरवतो आणि नंतर उलटा फिरवतो, म्हणजे पल्सचा जोर शेजाऱ्यांमध्ये पसरतो. किती पसरायचं त्याच्या चार पातळ्या आहेत, त्यातली एक 'अजिबात नाही'. टाळ्यांच्या कडकडाटाला जास्त पसरवलं तर छान वाटतं, तानपुऱ्याला तेच केलं तर सूर धुरकट होतो, त्यामुळे एन्कोडरने सिग्नल बघून ठरवायला हवं.

तबल्यासारख्या ठोक्याला अजून एक प्रकार घडतो. फ्रेमचे छोटे छोटे ब्लॉक करतात जेणेकरून ठोक्याच्या आधी आवाज सांडू नये, पण मग एखाद्या ब्लॉकच्या वाट्याला एकही पल्स येत नाही आणि तिथे क्षणभर शांतता पडते. डिकोडर अशा ब्लॉकमध्ये थोडा नॉइज भरतो, ते अँटी-कोलॅप्स.

१५. व्हीक्यू एवढं भारी असेल तर एमपी३ आणि एएसीमध्ये का नाही?

कारण त्यांच्याकडे आकड्याला बऱ्यापैकी बिट असतात. प्रश्न २ मधला पाव बिट आठवा, स्केलरच्या मागे चांगलं एन्ट्रॉपी कोडिंग लावलं तर भरपूर बिटरेटला फक्त तेवढाच मागे राहतो. एमपी३ आणि एएसी स्केलर करतात आणि मग आकडे जोडीने किंवा चौकडीने हफमन कोडिंगला (एक एन्ट्रॉपी कोडिंग) देतात, एवढ्यात भागतं. व्हॉर्बिस या कोडेकने मात्र कोडबुकं वापरली, आणि तीही फाईलच्या हेडरमध्येच पाठवली, म्हणून छोट्याशा क्लिपला ते हेडर जड होतं. माझं मत असं की आकड्यामागे एक बिटाच्या खाली उतरायचं असेल किंवा बरोबर ठरलेल्या बिटातच फ्रेम बसवायची असेल तर व्हीक्यू घ्या, नाहीतर स्केलर आणि रेंज कोडरने सुरुवात करा.

१६. माझ्या सेल्टसारख्या कोडेकचा एसएनआर (सिग्नल आणि चूक यांचं प्रमाण) वाईट येतो पण ऐकायला मस्त आहे, रिपोर्टमध्ये काय लिहू?

जे ऐकू येतं तेच लिहा, आणि कारण पण लिहा. फोल्डिंगने भरलेला बँड मूळ लहरीशी जुळत नाही, शून्य ठेवला असता तर एसएनआर उलट वाढला असता पण आवाज मेला असता. दोन कोडेक एसएनआरवर तोलायचे असतील तर दोन्ही लहर जुळवणारे हवेत. इथे लपवलेल्या मूळ रेकॉर्डिंगसह ऐकण्याची चाचणी, मश्रा पद्धतीची, वर्गातल्या आठ-दहा जणांवर केली तरी ती जास्त प्रामाणिक.

१७. मराठी आवाजासाठी वेगळं कोडबुक ट्रेन करावं लागेल का?

पीव्हीक्यू किंवा जी.७२९ च्या पल्स कोडबुकाला हा प्रश्नच लागू नाही, ती ट्रेन केलेली नाहीत. लाइन स्पेक्ट्रल फ्रिक्वेन्सीच्या कोडबुकाला लागू आहे, पण तिथे भाषेइतकंच किंबहुना जास्त लक्ष माइक, फिल्टर आणि बायका-मुलांचे आवाज डेटात आहेत का इकडे द्या. एकाच माइकवर रेकॉर्ड केलेल्या डेटाने ट्रेन केलं आणि दुसऱ्या माइकवर तपासलं की प्रश्न ६ मधल्या ४ डेसिबलच्या वरच्या फ्रेम लगेच दिसायला लागतात.

१८. एक बिट उलटा झाला तर पूर्ण व्हेक्टर बिघडतो का?

हो, ट्रेन केलेल्या कोडबुकात शेजारच्या नंबराची ओळ जवळची असेलच असं नाही. म्हणून रेडिओवरच्या सिस्टिममध्ये नंबरांची मांडणी अशी करतात की एका बिटाच्या चुकीने जवळचीच ओळ मिळावी, आणि महत्त्वाच्या बिटांना जास्त संरक्षण. इंटरनेटवर बिट सहसा उलटत नाही, अख्खं पॅकेट हरवतं, त्यामुळे तिथे ही मांडणी उपयोगाची नाही. ओपस त्यासाठी मागच्या फ्रेमची हलकी प्रत पुढच्या पॅकेटमध्ये घालू शकतो, पण ती सोय फक्त सिल्कच्या भागाला, नुसत्या सेल्ट मोडमध्ये नाही.

१९. न्यूरल कोडेक (न्यूरल नेटवर्कवर चालणारे) आल्यावर हे सगळं जुनं झालं का?

उलट व्हीक्यू तिथे मध्यभागी बसलंय. गूगलचा साउंडस्ट्रीम २०२१ चा, मेटाचा एनकोडेक २०२२ चा, दोन्हीत रेसिड्युअल व्हीक्यू आहे: पहिल्या कोडबुकाने अंदाजे ओळ निवडायची, उरलेली चूक दुसऱ्याला, तिची चूक तिसऱ्याला. एनकोडेकच्या २४ किलोहर्ट्झ मॉडेलमध्ये सेकंदाला ७५ फ्रेम आणि १०२४ ओळींची कोडबुकं, आठ वापरली तर ७५ गुणिले ८ गुणिले १० म्हणजे ६ केबीपीएस, दोनच वापरली तर दीड. आठ कोडबुकं मिळून फ्रेमला ८० बिट होतात, ८० बिटांची सलग यादी जगातल्या कुठल्याच मेमरीत मावणार नाही, पण साठवायच्या ओळी फक्त ८१९२. प्रश्न ३ मधल्या मेलेल्या ओळी इथेही छळतात आणि उपायही तसाच, न वापरलेली ओळ काढून चालू बॅचमधला एखादा व्हेक्टर तिच्या जागी बसवायचा.